एका डब्यात दोन कंप्रेसर

जानेवारीत हाती घेतलेलं गिटारचं डबल कंप्रेसरचं पेडल (गिटार आणि ॲम्पच्या मध्ये लावून पायाने चालू-बंद करायचा डबा) एप्रिलच्या अखेरीस एकदाचं पूर्ण झालं. त्यात सोल्डरिंगचा वेळ अगदी थोडा. बाकी सगळा वेळ पार्टची वाट बघण्यात, मोजमापांत आणि ‘वेगवेगळे नीट चालणारे दोघे एकत्र आले की का बोंबलतात’ हे शोधण्यात गेला. एखादं फझ किंवा बूस्टर असं साधं पेडल बनवून हात बसलाय आणि आता जरा मोठं काहीतरी करावंसं वाटतंय, अशा कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. आयुष्यातलं पहिलंच पेडल मात्र हे असू नये.

दोन कशाला, हे आधी. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर आणतो. सगळा भार एकट्यावर टाकला, की त्याचं काम ऐकू यायला लागतं. तार छेडताच नोट चेपली जाते आणि मग मागून आवाज फुगत फुगत येतो. तेच काम दोघांत वाटलं, तर प्रत्येकाला थोडंसंच दाबावं लागतं आणि कानाला ते जाणवत नाही. स्टुडिओत गाण्याच्या आवाजावर एकामागे एक दोन कंप्रेसर लावायची पद्धत जुनीच आहे. गणितही सरळ आहे. पहिला ४:१ दाबतो (आत ४ डेसिबल वाढले, तर बाहेर एकच वाढतो), दुसरा ३:१, तर दोघांच्याही मर्यादेच्या वर गेलेला आवाज एकूण १२:१ दाबला जातो. शिवाय दोन वेगळ्या स्वभावांचे कंप्रेसर एका डब्यात असले, तर हवा तो एकटाही वापरता येतो.

स्वभाव वेगळे हवेत म्हणून दोन वेगळ्या घराण्यांची सर्किटं घेतली. पहिलं एमएक्सआर डायना कॉम्प आणि रॉस या कंप्रेसर पेडलांच्या वळणाचं. यात ओटीए नावाची चिप असते, जिचा गेन, म्हणजे ती सिग्नल किती पट वाढवते ते, तिला दिलेल्या करंटवर ठरतो. दुसरं डॅन आर्मस्ट्राँगच्या ऑरेंज स्क्वीझरच्या वळणाचं. त्यात जेफेट ट्रान्झिस्टर बदलत्या रेझिस्टरसारखा वापरून सिग्नल जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, वळवतात. दोन्ही १९७० च्या दशकातली. पहिलं करकरीत, बोटांचा प्रत्येक ठोका एका पातळीत आणणारं. दुसरं मऊ, जरा ढगळ. ओरिजिनल ऑरेंज स्क्वीझर तर पायाखालचं पेडलच नव्हतं. ती थेट गिटारच्या जॅकमध्ये खोचायची डबी होती. याचा संबंध पुढे येईल.

जानेवारीचा पहिला पंधरवडा कागदावर गेला. डायना कॉम्पमधली सीए३०८० ही ओटीए चिप बनणं केव्हाच बंद झालंय. जुना साठा म्हणून जे विकलं जातं, त्यात दुसऱ्याच चिपवर नवा छाप मारलेले नग बरेच निघतात. मी त्या वाटेला गेलेच नाही, सरळ एलएम१३७०० घेतली. ती अजून बनते, स्वस्त आहे आणि तिच्यात दोन ओटीए असतात. आपल्याला एकच पुरतो. जुन्या आकृतीवरून पिना बदलून घ्यायच्या: ३०८० ची २ म्हणजे इथली ४, तीन तीच राहते, ४ ची ६, ५ ची १, ६ ची ५ आणि ७ ची ११. पिन २ आणि ७ ते १० मोकळ्या सोडल्या तरी चालतं. पिन १ ला, म्हणजे जिथे करंट जातो तिथे, चुकूनही थेट ९ व्होल्ट लागू द्यायचे नाहीत. चिप तत्क्षणी जाते. मध्ये २७ किलोओहमचा रेझिस्टर असतो तो यासाठीच. सस्टेनचा (नोट किती लांबवायची ते ठरवणारा) ५०० किलोओहमचा पॉट, म्हणजे नॉबने फिरवायचा बदलता रेझिस्टर, पूर्ण फिरवला तरी त्या रेझिस्टरमुळे करंट पाव मिलीअँपिअरच्या आसपास थांबतो.

मग पार्ट मागवले. रेझिस्टर, कपॅसिटर लगेच आले. जेफेट आणि ॲल्युमिनियमचा डबा परदेशातून मागवावा लागला, आणि तिथे घोडं पेंड खाल्लं. पार्सल कस्टम्सकडे पोचल्याचं दिसत होतं, पण पुढे हलेना. काही दिवसांनी ईमेल आली: वस्तूंचं वर्णन अपुरं आहे, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा पाठवा. विक्रेत्याने कागदावर नुसतं ‘इलेक्ट्रॉनिक पार्ट’ असं लिहिलं होतं. मी बिल, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि एका ओळीत ‘घरगुती वापरासाठी ट्रान्झिस्टर आणि रिकामा धातूचा डबा, बॅटरी नाही’ असं लिहून पाठवलं. ‘बॅटरी नाही’ हे शब्द जरूर लिहा. बॅटरीवाल्या पार्सलना वेगळे नियम असतात आणि तपासणाऱ्याला डबा बघून शंका येऊ शकते. फेब्रुवारीच्या मध्यावर पार्सल सुटलं. कर किरकोळ होता, हाताळणीचं शुल्क मात्र त्याहून जास्त. म्हणून अशा वस्तू तुकड्या-तुकड्यांत मागवू नयेत. एकदाच यादी करून, थोडे जादा नग धरून मागवाव्यात.

खर्चाचंही इथेच सांगते. इलेक्ट्रॉनिक्सचे खरे पार्ट एकूण खर्चाच्या पाव हिस्साही नव्हते. डबा, दोन फूटस्विच, जॅक, पॉट आणि नॉब यांनीच बजेट खाल्लं. त्याखालोखाल पाठवणीचा खर्च. बाजारापेक्षा स्वस्त पडेल म्हणून कुणी यात उतरणार असेल, तर हत्यारांसकट हिशेब आधी मांडून बघावा.

पार्सल अडकलेलं असतानाच ओटीएचं सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट नुसते खोचायच्या पाटीवर, उभं केलं. सगळ्यात कळीची जागा म्हणजे १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर. तो १५० किलोओहममधून सावकाश भरत असतो. आवाज मोठा झाला की दोन ट्रान्झिस्टर त्याला खाली ओढतात. कपॅसिटरचं व्होल्टेज पडलं की ओटीएचा करंट पडतो आणि गेन कमी होतो. दीडशे किलोओहम गुणिले दहा मायक्रोफॅरड म्हणजे दीड सेकंद. सावरण्याचा वेग या गुणाकारावर ठरतो. त्या जागी मी १० किलोओहमचा ठाम रेझिस्टर आणि त्याच्यामागे १५० किलोओहमचा पॉट टाकला. अशा नॉबवर बरेच जण ‘अटॅक’ लिहितात, पण प्रत्यक्षात तो दाबलेला आवाज परत सोडण्याचा वेळ बदलतो. अगदी कमीवर नेला, तर जाड तारांवर आवाज खरखरीत होतो. सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला, म्हणजे दर १२ मिलीसेकंदांनी एक हेलकावा घेते. सर्किट इतक्या लवकर सावरायला लागलं, की दोन हेलकाव्यांच्या मध्येही गेन हलतो आणि त्याचीच ती खरखर. दोष नव्हे, स्वभाव आहे.

ट्रान्झिस्टर बदलून वापरणार असाल तर पाय नीट बघा. २एन५०८८ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली, तर डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४९ चं नेमकं उलटं. जुन्या आकृत्या पहिल्यासाठी असतात आणि हाताशी बहुधा दुसरा असतो.

ओटीएच्या दोन इनपुटमधला तोल सांभाळायला २ किलोओहमचा एक छोटा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा पॉट) असतो. तो बिघडलेला असला, की प्रत्येक ठोक्याला नोटेच्या आधी ‘थप्’ असा दबका आवाज येतो. मल्टिमीटर इथे कामाचा नाही. तार दाबून, सूर न उमटू देता, नुसते ठोके मारत ट्रिमर फिरवायचा आणि थप् जिथे सर्वांत कमी ऐकू येईल तिथे सोडायचा.

जेफेट आले आणि खरी मजा सुरू झाली. माझे नग २एन५४५७ या नावाचे. ड्रेन, सोर्स आणि गेट हे त्यांचे तीन पाय. डेटाशीटमध्ये पिंच-ऑफचं, म्हणजे गेटवर जेवढ्याला जेफेट पूर्ण बंद होतो तेवढं, व्होल्टेज उणे ०.५ ते उणे ६ अशा पल्ल्यात दिलंय. म्हणजे एकाच नावाचे दोन नग एकमेकांपासून बारा पट वेगळे असू शकतात. बूस्टरमध्ये ते खपून जातं, इथे जात नाही. या सर्किटात ट्रिमरने जेफेटचा सोर्स एका व्होल्टेजवर बसवतात. आवाज नसताना जेफेट जेमतेम बंद हवा. आवाज आला, की आउटपुटमधून डायोडने बनवलेलं व्होल्टेज गेटला वर उचलतं, जेफेट उघडतो आणि सिग्नलचा काही भाग जमिनीत जातो. आता पिंच-ऑफ पाच व्होल्टचा असेल, तर ९ व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटला तेवढं ढकलायला जोरच उरत नाही. एक-दीड व्होल्टच्या आसपासचे नग सगळ्यात गोड चालतात.

मोजायची पद्धत सोपी आहे. ९ व्होल्टची बॅटरी घ्यायची. ड्रेनला अधिक टोक, गेटला उणे टोक. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून काळी पिन बॅटरीच्या उण्याला आणि लाल पिन सोर्सला लावायची. बस्स, दिसेल तो आकडा म्हणजे पिंच-ऑफ, जवळजवळ. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो आणि तोच इथे सोर्सच्या रेझिस्टरचं काम करतो. सपाट बाजू समोर धरली, तर २एन५४५७ चे पाय ड्रेन, सोर्स, गेट असे येतात. ड्रेन आणि सोर्स आपसांत बदलले तरी फरक पडत नाही, पण गेट चुकता कामा नये. नग बोटांत धरून मोजू नका. बोटाच्या उबेने आकडा सरकतो आणि अंगातला हमही मीटरमध्ये शिरतो. ब्रेडबोर्डवर खोचा, हात बाजूला घ्या, दहा सेकंद थांबा आणि मग लिहा. मी प्रत्येक नग थर्माकोलच्या तुकड्यात टोचून खाली पेन्सिलने आकडा लिहीत गेले. ०.९, १.३, १.४, २.२ असं करत एक रांग तयार झाली. तिच्याकडे बघत बसायला मला फार आवडत होतं.

त्या रांगेत काही नग मुळी जेफेटच नव्हते. छाप बरोबर, आतला माल भलताच. ओळखायचं कसं? मीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा. लाल पिन गेटला लावली, की बाकीच्या दोन्ही पायांकडे डायोडचा आकडा दिसला पाहिजे, आणि त्या दोन पायांच्या आपसांत दोन्ही दिशांनी काहीशे ओहमचा रोध दिसला पाहिजे. आपसांत काहीच दिसलं नाही, तर हातात साधा ट्रान्झिस्टर आहे. विक्रेत्याला मोजमापांचे फोटो पाठवले. त्याने फार वाद न घालता तेवढ्या नगांचे पैसे परत केले, पण उत्तर यायला आठवडा गेला. जेफेट हे गरजेच्या तिप्पट-चौपट मागवायचे, हे खरं तर यादी करतानाच मनाशी ठरवलेलं बरं.

मार्चच्या सुरुवातीला दुसरा कंप्रेसरही ब्रेडबोर्डवर बोलायला लागला. १.३ चा नग घेतला. वाटेत ८२ किलोओहमचा रेझिस्टर, त्यानंतर जमिनीकडे जेफेट आणि पुढे २३ पट गेन देणारा ऑपॲम्प. ट्रिमर फिरवताना तीन प्रदेश लागतात. एका टोकाला आवाज जवळजवळ नाहीसा होतो, कारण जेफेट सतत उघडा. दुसऱ्या टोकाला आवाज मोठा पण कंप्रेशन गायब. मध्ये एक अरुंद पट्टा आहे, तिथे नोट लांबते. कॉर्ड वाजवून तो सोडून द्यायचा, शेवटपर्यंत ऐकायचं, मग केसभर फिरवायचं. घाईत होणारं काम नव्हे. एकदा जागा सापडली की सोर्सवरचं व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. बोर्ड बदलला की पुन्हा तिथूनच सुरुवात करता येते.

आता दोन चालणारी सर्किटं हातात होती. मला वाटत होतं अवघड भाग संपला.

पहिला प्रश्न क्रमाचा. ब्रेडबोर्डवर वायरी उलटसुलट करून दोन्ही प्रकारे वाजवलं. मऊ कंप्रेसर आधी ठेवला, तर मागचा ओटीए सगळं पुन्हा सपाट करून टाकायचा आणि आधीच्याचा ढगळपणा कुठे ऐकूच यायचा नाही. ओटीए आधी ठेवला, तर दुसऱ्याला आधीच सावरलेला सिग्नल मिळायचा आणि तो त्याला हलकेच गोलाई द्यायचा. क्रम बदलायचा स्विच लावावा का, असा विचार आला होता, पण तेवढ्या वायरी डब्यात आणखी नाचवायच्या नव्हत्या. ओटीए पहिला, हे नक्की केलं.

दुसरा प्रश्न इम्पिडन्सचा, म्हणजे गिटारला समोर किती रोध दिसतो याचा. ओटीए बंद ठेवून नुसता दुसरा चालू केला की गिटारचा वरचा चकाकीचा भाग जायचा. कारण ते ८२ किलोओहम. ॲम्पचं इनपुट साधारण १ मेगाओहमचं असतं. त्याऐवजी पिकअपला एवढा कमी रोध दिसला, की ट्रेबल मरतं. गिटारच्या जॅकमध्ये खोचायची मूळ डबीही गिटारला हाच रोध दाखवायची आणि तिच्या मऊपणात याचाही वाटा आहे, असं माझं मत. मला मात्र ट्रेबल हवं होतं. ऑपॲम्पच्या चिपमध्ये दोन ऑपॲम्प असतात. त्यातला रिकामा बसलेला अर्धा मी दुसऱ्या कंप्रेसरच्या तोंडाशी बफर (सिग्नल न वाढवता नुसता पुढे देणारा) म्हणून लावला आणि १ मेगाओहमचं इनपुट करून घेतलं. पार्ट दोन-चारच वाढले, फरक पहिल्याच कॉर्डला कळला.

तिसरा आणि सर्वांत चिवट प्रश्न म्हणजे फुसफुस. कंप्रेसर लहान आवाज वर आणतो, आणि कुणी वाजवत नसताना सगळ्यात लहान आवाज म्हणजे सर्किटाची स्वतःची कुजबुज. शांततेत दोन्ही कंप्रेसर पूर्ण उघडे असतात आणि त्यांच्या गेनचा गुणाकार होतो, शेकडो पट. ही फुसफुस शून्य होणार नाही, हे स्वीकारूनच पुढे जावं लागतं. पण कमी करता येते. पहिल्याचा सस्टेन अर्ध्याच्या खाली ठेवायचा. त्याचं आउटपुट इतकंच ठेवायचं, की दुसरा जोराच्या ठोक्यालाच दाबेल. आणि वीज स्वच्छ द्यायची. दोन्ही बोर्डांना एकाच वायरीने ९ व्होल्ट दिल्यावर एक बारीक किणकिण यायची. प्रत्येक बोर्डाला वेगळा १०० ओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, त्यावर ती गेली. स्वस्तातल्या ॲडॅप्टरची शीळ तरी उरतेच. रेग्युलेटेड, शक्यतो आयसोलेटेड सप्लाय घ्या.

मग बोर्ड. स्ट्रिपबोर्डवर (तांब्याच्या समांतर पट्ट्यांचा, भोकांचा बोर्ड) केले, दोन वेगळे. एकच मोठा बोर्ड टापटीप दिसतो खरा, पण एखादा बिघाड झाला तर अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो. पट्ट्या कापायला ४ मिमीचं ड्रिल-बिट हातानेच फिरवलं. कापल्यावर प्रत्येक काप मीटरने तपासायचा आणि सगळं सोल्डर झाल्यावर पट्ट्यांच्या मधून कटरचं टोक एकदा ओढायचं. दोन पट्ट्या शॉर्ट व्हायला तांब्याचा केसभर धागाही पुरे होतो. चिपसाठी सॉकेट वापरा. सोल्डरचा धूर नाकात जाऊ देऊ नका, आणि शिशाचं सोल्डर असेल तर हात धुवायचे. याहून जास्त सांगण्यासारखं इथे काही घडलं नाही.

डबा १५९०बीबी या मापाचा, साधारण १२० बाय ९४ मिमी. आत दोन फूटस्विच, पाच पॉट, दोन जॅक आणि दोन बोर्ड. भोकं पाडण्याआधी कागदावर खऱ्या मापाचा आराखडा काढला आणि पॉट, जॅक त्यावर ठेवून बघितले. बाहेरून अंतर पुरेसं दिसतं, आत जॅकची पट्टी फूटस्विचच्या पायांना भिडते. जॅकमध्ये वायर खोचलेली असतानाचं माप धरा, कारण तेव्हा पट्टी आणखी बाहेर येते. कोपऱ्यांत झाकणाच्या स्क्रूचे खांब असतात, तेही विसरू नका. आराखडा डब्यावर चिकटवला, सेंटर पंचने खुणा ठोकल्या, आधी ३ मिमीचं भोक आणि मग स्टेप ड्रिल. पॉटला ७, फूटस्विचला १२, जॅकला पावणेदहा मिमीच्या आसपास. एक थेंब तेल टाकलं की ॲल्युमिनियम बिटला चिकटत नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. डबा हाताने धरून कधीही ड्रिल करू नये. बिट अडकलं की डबा गरकन फिरतो.

डीसी जॅक प्लॅस्टिकचाच घ्या. पेडलांच्या रिवाजाप्रमाणे मधली पिन उणे आणि बाहेरचं कडं अधिक असतं. धातूचा जॅक लावला तर अधिक टोक थेट डब्याला टेकतं, आणि डबा तर जमिनीला जोडलेला. उलट्या पोलॅरिटीपासून वाचायला १एन५८१७ डायोड वाटेत टाकला. पाव व्होल्टच्या आसपास जातो, जाऊ दे.

एप्रिलच्या मध्यावर सगळं डब्यात बसलं. पहिला कंप्रेसर चालू, छान. दुसरा चालू, छान. दोन्ही चालू करून सस्टेन वाढवला आणि पेडलने कर्कश शिट्टी मारली. डब्याबाहेर टेबलावर हेच सगळं गपगुमान चाललं होतं. ॲम्प दुरुस्त करणाऱ्या मैत्रिणीला फोन लावला आणि बोर्डात काय बदलू असं विचारलं. ती म्हणाली, “अगं, बदलतेस कसलं? आधी शिट्टी कुठून येतेय ते बघ. प्रोब लाव.”

ऑडिओ प्रोब म्हणजे १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरचं एक टोक ॲम्पच्या वायरीच्या मधल्या तारेला जोडायचं आणि दुसऱ्या टोकाने सर्किटात हवं तिथे टेकवून ऐकायचं. जमीन जमिनीला. आवाज कमी ठेवूनच हे करायचं. इनपुटच्या जॅकपासून एकेक जागा टेकवत गेले. शिट्टी पहिल्या बोर्डाच्या तोंडाशीच होती, म्हणजे बोर्डांत काही बिघाड नव्हता. शेवटच्या आउटपुटची वायर इनपुटच्या वायरीला लागून, फूटस्विचच्या खालून गेली होती. शेकडो पट वाढलेला सिग्नल शेजारून परत आत झिरपत होता. इनपुटची वायर शील्डेड घातली, तिचं शील्ड एकाच टोकाला जमिनीला जोडलं आणि आउटपुटची वायर डब्याच्या दुसऱ्या कडेने नेली. शिट्टी बंद. लाकडी चमच्याने वायरी हलवत ऐकलं, तर कोणती वायर गुन्हेगार आहे तेही कळतं.

फूटस्विचची जोडणी करताना, बायपासमध्ये (म्हणजे बंद) असलेल्या सर्किटाचं इनपुट जमिनीला जोडलं जाईल अशी पद्धत वापरा. नाहीतर बंद असलेला कंप्रेसरही आत गुरगुरत राहतो आणि बायपासमध्ये पुसट ऐकू येतो. नऊ पायांच्या स्विचवर सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ टेकवू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं. दाबताना ‘टक्’ येत असेल तर प्रत्येक सर्किटाच्या इनपुटला आणि आउटपुटला जमिनीकडे २.२ मेगाओहम टाकून बघा. एलईडीला ४.७ किलोओहम पुरे.

शेवटी मोजणी, कारण कानांवर माझा अर्धाच भरवसा. फोनमधून ४०० हर्ट्झचा सूर एका पॉटमधून कमी करून दिला. इनपुट दुप्पट करत गेले आणि आउटपुट मीटरवर बघत गेले. सूर ४०० चाच घेतला, कारण स्वस्त मीटर वरच्या हर्ट्झला एसी व्होल्ट नीट दाखवत नाहीत. ओटीएवाल्याचं आउटपुट इनपुट दुप्पट झाल्यावर जेमतेम १.०८ पट व्हायचं. म्हणजे ६ डेसिबलला ०.७ डेसिबल, साधारण ९:१. दुसऱ्याचं १.३५ पट, म्हणजे सव्वादोनास एकच्या आसपास. माझ्या नगांचे हे आकडे. जेफेट बदलला की तुमचे वेगळे येतील.

सध्या पहिल्याच्या सस्टेनचा नॉब घड्याळातल्या ९ च्या जागी, सोडण्याचा पॉट मध्यावर आणि दुसरा कायम चालू, असं वाजवते. पहिला फक्त सोलोसाठी. दोन्ही एलईडींसकट करंट १२ मिलीअँपिअरच्या आत आहे, पण डब्यात बॅटरीला जागा उरली नाही आणि मीही ती शोधली नाही. नॉबची नावं कागदावर छापून चिकटवली आहेत आणि वरून पारदर्शक फिल्म. १.४ चा जेफेट आणि एक जादा एलएम१३७०० झाकणाच्या आत पुडीत टेपने चिकटवून ठेवलेत. पुडी प्लॅस्टिकची घ्या आणि बोर्डाला टेकणार नाही अशा बाजूला लावा.